तबकडीतली बाई

इतिहास कधी खोटं बोलत नाही, असं सोनलला दोंडाईच्याच्या बसच्या रांगेत उभं राहीपर्यंत वाटत होतं. पुढे दोन म्हातारे बोलत होते.

“लोटननाना, उद्या बाईना सत्कार शे. अडुसष्ट साली तुमना बँडनी तबकडीवर गायनी ती बाई कोठे राहस?”

“ईश्वर, बाई नव्हतीच. मी गायलो.”

“बठ्ठा गावनी बाईच ऐकेल शे!”

“गावात ग्रामोफोन एकच, तुझ्या बापाच्या हॉटेलात. तो तबकडी दुप्पट जोरात फिरवायचा. त्या वेगात म्हसोबाही बाईच वाटला असता!”

“तवय काबर नही सांगं?”

“सांगितलं. तुझा बाप म्हणाला, लोटन बाईवर जळतो.”

“मंग आते?”

“आता सत्कार माझा. साठेक वर्षं वाट पाहिली.”

“पन नाना, सत्कारनी साडी लेवाई गई. दुकानदार परत लेत नही.”