निशाणीच्या माथ्यावरचं टाकं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय योगिनीताई, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती गुणाजी तांडेल, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या चिमावहिनी, पहिल्या रांगेत बसलेल्या सावित्रीवहिनी, आणि आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या जुन्या-नव्या सर्व सभासदांनो,

मी गुरुप्रसाद, मंडळाचा सेक्रेटरी. माझी भाषणं लांबतात ही तुमची जुनी तक्रार आहे. आजही लांबेल. पण आज कुणी घड्याळाकडे बघू नये, एवढी विनंती.

मिरकरवाड्याच्या बंदरात होडीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात. पंचवीस वर्षांपूर्वी हा समुद्रावरचा माणूस डोंगरात आम्हाला नेणार म्हटल्यावर आम्ही हसलो होतो. खाऱ्या पाण्यातला मासा घाटावर काय करणार? पण पहिल्याच मोहिमेत आमचं हसू जिरलं. बंदरात वारं बघून होडी सोडायची की नाही हे ठरतं, तसा हा माणूस ऋतू बघून डोंगर निवडायचा. थंडीत लांबलचक उघड्या धारेचे डोंगर. मात्र दिवस लहान, म्हणून तीन वाजता जिथे असू तिथून माघारी. सकाळी दंवानं ओल्या झालेल्या गवतावर कुणी घाई करायची नाही. आणि तहान नसली तरी तासातासाला दोन घोट पाणी, कारण थंडीत माणसाला आपली तहान कळत नाही. शिमगा झाला की उघडे माथे बंद. मग फक्त झाडीतल्या वाटा, पहाटे निघायचं, दहाच्या आत खाली. डोक्याला पंचा, पिशवीत मीठ घातलेलं कोकम सरबत. आमच्यातले पुण्याहून महागडे बूट आणणारेही तांडेलांसमोर पिशवी उघडून दाखवायचे. मी तर दोनदा घरी परत गेलोय. एकदा टोपी विसरलो म्हणून आणि एकदा, आता सांगायला हरकत नाही, पिशवीत पाण्यापेक्षा चकल्या जास्त निघाल्या म्हणून.

आणि सगळ्यांत मोठा नियम एकच. मोहिमेच्या आठवड्यात स्वतः वर जाऊन पाणी बघून यायचं. "पानी आपल्या डोल्यांनी बगायचा, दुसऱ्याच्या तोंडानं नाय," असं ते म्हणायचे. पंचवीस वर्षं ते एकटे आधी जाऊन यायचे. त्याबद्दल आपण कधी त्यांचे आभार मानले का? मला तरी आठवत नाही.

आता गेल्या एप्रिलबद्दल बोलायला हवं.

आपली शंभरावी मोहीम होती. देवरूखच्या वरचा निशाणीचा माथा हवा, हा हट्ट माझा. तांडेल म्हणाले, "चैत्रात उघडा माथा? नको." मी मागे लागलो. पत्रिका छापल्यात, पाहुणे यायचेत. शेवटी ते एका अटीवर तयार झाले. माथ्यावर दगडात कोरलेलं टाकं आहे, त्यात पाणी असेल तरच जायचं. त्या आठवड्यात त्यांची होडी खोल समुद्रात होती. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते काम दुसऱ्यावर सोपवलं. माझ्यावर.

मी गेलो नाही.

बागेत आंबा उतरवायचा होता, पेट्या भरायच्या होत्या. माझ्या फोनमध्ये मार्गशीर्षातल्या मोहिमेचा फोटो होता, टाकं काठोकाठ भरलेलं. तोच मी त्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, "आजच बघून आलो. पाणी भरपूर."

टाकं कोरडं होतं. तळाशी नुसता पाला. पुढचं तुम्ही जाणता. जयगडच्या बंदरात नोकरीला असलेला आपला सुजय, सावित्रीवहिनींचा मुलगा, तेवीस वर्षांचा. त्यानं आपली बाटली दुसऱ्यांना दिली होती. उतरताना त्याचं बोलणं अडखळायला लागलं, अंगावरचा घाम थांबला. तांडेलांनी त्याला पाठीवर घेऊन सावलीपर्यंत आणलं. देवरूखला पोचेपर्यंत तो गेला होता.

पोलिसांनी विचारलं तेव्हा तांडेल म्हणाले, "म्होरक्या मी. चूक माझी." मी शेजारी उभा होतो. मी गप्प राहिलो. आठ महिने गप्प राहिलो. बाजारात लोक त्यांच्याकडे बोट दाखवत होते, तेव्हाही मान खाली घालून पुढे गेलो.

पावसाळ्यात एकदा धीर करून त्यांच्या घरी गेलो. ते जाळं दुरुस्त करत बसले होते. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "सेक्रेटरी, फोटूत टाक्याच्या कडेला गवात हिरवागार होता. चैत्रात हिरवा गवात कुठला? ता मी तवाच बगायला पायजे होता. तांडेल मी हाय ना." आणि चिमावहिनींना म्हणाले, "चाय टाक गो, पावनं इलेत."

त्यांना ठाऊक होतं. कुणाला बोलले नाहीत. मला एका शब्दानं बोल लावला नाही. मी चहा प्यायलो आणि घरी आलो. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

आजचं मानपत्र मीच लिहिलंय. त्यात एक ओळ होती, 'दुर्घटनेची जबाबदारी स्वीकारून ते निवृत्त होत आहेत.' ती ओळ मी सकाळी खोडली. योगिनीताई, तिथे माझं नाव लिहून घ्या. पोलिसांकडे उद्या मी स्वतः जाणार आहे. आणि हा नारळ तांडेलांना तुमच्या हातून द्या. माझ्या हातून तो त्यांनी का घ्यावा?

तांडेल, तुम्ही डोंगर सोडू नका असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण आता थंडी सुरू झाली आहे, आणि या मुलांना वाट दाखवायला दुसरं कोणी नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. भाषण लांबलं, शब्द इकडचे तिकडे झाले असतील, त्याबद्दल सभागृहानं क्षमा करावी. जी क्षमा सभागृह देऊ शकत नाही, ती मागायला मी आता खाली, पहिल्या रांगेपाशी येतो आहे. सावित्रीवहिनी, तुम्ही उठू नका. बसूनच राहा.