चॉकलेटचे दोन हात

...नाही, पण मी म्हणतो, चॉकलेटात पाणी घालायचं नाही, हे आधी सांगायचं ना! पुडक्यावर लिहिलंय म्हणे. अहो, इतक्या बारीक अक्षरात लिहिलंय की वाचायला मुंगीलाही चष्मा लागेल! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी भिंती रंगवल्या. माल घट्ट झाला की पाणी घालून पातळ करायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. काल सकाळी त्याच अकलेनं मी वितळलेल्या चॉकलेटात पाऊण वाटी पाणी ओतलं... आणि बघता बघता त्याची लांबी झाली! लांबी म्हणजे आपली ती, भिंतीच्या भेगा बुजवतात ती. पातेलं उलटं केलं तरी पडेना!

थांबा. रंगारी माणूस चॉकलेटच्या वाटेला गेलाच कशाला, ते राहिलंच की सांगायचं.

चार महिन्यांपूर्वी मी परांचीवरून पडलो. मांडीच्या हाडाचे दोन तुकडे. सहा आठवडे हॉस्पिटलात. आणि त्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर... सिस्टर कसल्या, हेडमास्तरीण! पांढरा गणवेश, कमरेला निळा पट्टा, आणि आवाज असा की शेजारच्या वॉर्डातले पेशंटही दचकून उठून बसायचे. "काय रंगारी, उठायचं का?" "सिस्टर, दुखतंय हो." "दुखणारच! पाय लाकडाचा असता तर नसता दुखला. उठा!" मी कसला उठतोय? आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. म्हटलं, संपलं आपलं, आता परांची नाही, ब्रश नाही, काही नाही. तर ही बाई काय करायची? ड्युटी संपली की पर्स खांद्याला अडकवून, खुर्ची ओढून माझ्यापाशी बसायची. "रंगारी, माझ्या किचनला कोणता रंग लावू हो?" आता हे विचारल्यावर मी गप्प बसेन? म्हटलं, उजेड कुठून येतो ते सांगा आधी. झालं! दुसऱ्या दिवशी बाथरूमचं दार, तिसऱ्या दिवशी बाल्कनी... बाईंचं अख्खं घर मी पडल्या पडल्या रंगवून दिलं, आणि रंगवता रंगवता कधी उठून बसलो, कधी काठी धरली, मला पत्ता नाही. घरी सोडलं त्या दिवशी तिथल्या आयाबाई म्हणतात, "किचन? अहो, सिस्टर क्वार्टरमध्ये राहतात. तिथे खिळा ठोकायची परवानगी नाही, रंग कुठला!"

आता बोला! आधी सांगायचं ना! साधं 'आभारी आहे' म्हणणंही मला जमलं नाही. तसाच घरी आलो, आणि तेव्हापासून ते आत कुठेतरी खुपत होतं.

आणि परवा कळलं की सिस्टर रिटायर होतायत. काल चार वाजता ड्युटी संपली की थेट गावाकडे, कायमच्या. म्हणजे आभार मानायचे तर काल चारच्या आत, नाहीतर या जन्मात नाहीच. आणि तोंडानं ते व्हायचं नाही, एवढं मी स्वतःला ओळखतो.

सूनबाई म्हणाली, "बाबा, केकपॉप करू या. काडीवरचे छोटे छोटे केक. वॉर्डात आयाबाई धरून चोवीस माणसं, चोवीस करू. सोप्पे असतात!" तिनं केक भाजला, कुस्करला, क्रीम घालून मळला, लिंबाएवढे गोळे वळून फ्रीजमध्ये ठेवले, आणि काल सकाळी ऑफिसला निघता निघता म्हणते, "आता फक्त चॉकलेट वितळवायचं, फक्त काडी खोचायची, फक्त बुडवायचं, फक्त सजवायचं." चार वेळा फक्त! मी गोळे बघितले, जरा खडबडीत वाटले, म्हणून नवा कोरा पॉलिशपेपर काढला. बायको केवढ्यानं ओरडली, "अहो, खायचंय ते!" काडी खोचली, तर गोळा सरकत सरकत माझ्या बोटांवर येऊन बसला. काडीचं टोक आधी चॉकलेटात बुडवायचं असतं म्हणे, तरच गोळा धरून राहतो. मग आधी सांगायचं ना! आणि त्यातच ते पाणी!

सूनबाईला फोन लावला. ती मीटिंगमध्ये, कुजबुजत बोलतेय, "पाणी? बाबा, चॉकलेटमध्ये पाणी?... बरं, घाबरू नका. पांढऱ्या चॉकलेटचं पुडकं आहे, ते घ्या. घट्ट वाटलं तर चमचाभर तेल. पाण्याचा थेंब नको. भांडं कोरडं, चमचा कोरडा, हात कोरडे!"

तेल! अहो, म्हणजे हे ऑइल पेंटचं काम! आणि मी पाण्यात कालवायचं डिस्टेंपर समजून बसलो होतो! आधी सांगायचं ना! मग काय विचारता? बायकोनं त्या लांबीत गरम दूध ओतलं, ते आम्ही दोघं प्यालो, आणि लागलो कामाला. पहिला हात मारला, थर्माकोलमध्ये काड्या रोवून सुकवला. दुसरा हात मारला, सुकवला. वर सूनबाईचा चॉकलेटचा निळा रंग होता, तोही तेलाचाच, त्यात नवा बारीक ब्रश बुडवून प्रत्येक गोळ्याच्या कमरेला एक निळी पट्टी ओढली. चोवीस पट्ट्या! एक वाकडी असेल तर सांगा. बायको बघत उभी होती. "त्यांचा पट्टा ना?" म्हणाली. मी मान हलवली. ती चष्मा पुसत आत गेली.

टॅक्सीनं पोचलो तेव्हा चारला दहा कमी. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोर दोन स्ट्रेचर आणि ही रांग! मी खोका दोन्ही हातांनी छातीशी धरला, नजर पट्ट्यांवर, एकीलाही धक्का लागता कामा नये... पोचलो वर. सिस्टर पर्स खांद्याला अडकवून दारातच! खोका पुढे केला, तोंड उघडलं. म्हणायचं होतं, आभारी आहे. निघालं काय? "दोन हात मारलेत. पट्टीला बोट लावू नका, ओली आहे!"

पण बाईंचं खोक्याकडे लक्षच नाही. माझ्या पायांकडे बघतायत. "लिफ्टनं आलात?" म्हटलं, नाही, गर्दी होती. "काठी?" काठी?... काठी राहिली टॅक्सीत! घरी सोडताना याच बाई सहा पायऱ्या चढा म्हणून मागे लागल्या होत्या आणि मी साफ नाही म्हटलं होतं. आमचं घर तळमजल्यावर, त्यामुळे तेव्हापासून मी एक पायरी चढलो नव्हतो! काय सांगू, त्या बाईंचा आवाज बसलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "रंगारी, सकाळपासून फुलं मिळाली, घड्याळ मिळालं. मला फक्त एकदा तुम्हाला जिना चढताना बघायचं होतं. तेही हुकलंच बघा, मी आत सह्या करत होते." असं म्हणून डोळे पुसले आणि उभ्या उभ्या दोन गोळे संपवले, ओल्या पट्टीसकट!

मग? खोका आयाबाईंच्या हातात दिला आणि गेलो मुकाट खाली. तीन मजले. आणि बाई वरून कठड्याला टेकून बघतायत म्हणून आलो परत वर! दिवसभर ते वितळवणं, खोचणं, बुडवणं, आणि बाईंना हवा होता नुसता जिना... मोकळ्या हातांनी नसतो का आलो? आधी सांगायचं ना!