साखरेचा डबा

किरणोपचाराच्या खोलीबाहेर लेकीला मांडीवर घेऊन मी माझ्या तपासणीची वाट बघत होते. शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या छातीचं ऑपरेशन झालेलं. हात डोक्यावर टेकला नाही, तर तिला आज मशीनखाली घेणार नव्हते.

"भिंतीवर बोटं चालव जरा. वर वर ने."

"घरी काय कमी चालवली? ओढतंय, आई."

"सोसेल तेवढंच ने. पण ने."

"तुम्हाला काय जातंय बोलायला! मी ऑपरेशन होऊन घरी आल्यापासून साखरेचा डबा एकेक फळी वर चढवत नेलात. मला वाटलं, म्हातारीनं डाव साधला."

"मग फिका चहा प्यायलीस?"

"प्यायले, रागानं! मग म्हटलं, काढूनच दाखवते."

"काढलास ना?"

"परवा अगदी वरच्या फळीवरून काढला. पण आई, तिथे तुमचा तरी हात कुठे पोचतो?"

"घरात स्टूल आहे की."

"स्टुलावर? त्या गुडघ्यांनी? दोन पायऱ्या चढलात की बसता तुम्ही!"

"हळू बोल, लोक ऐकताहेत."

नर्स दारात आली.

"ताई, हात जातोय का वर?"

सुनेनं डोळे मिटून हात उचलला. तो कानाला लागला, डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. माझ्या लेकीची चुळबुळसुद्धा थांबली.

"छान! चला आत."

"आई, आजपासून डबा खाली. स्टुलावर चढायचं नाही."

"सुताराला त्याच्याही वर आणखी एक फळी मारायला सांगितलीय."