होय महाराजा

ऑनलाइन गेममध्ये कंपनीचा सर्व्हर बरा की लोकांनी चालवलेला, हे मला विचारा. गेम मी स्वतः शिकले, कोणी शिकवला नाही.

कंपनीच्या सर्व्हरवर मी घर बांधलं. जेवून येते तर कोणीतरी पाडलेलं. तक्रार केली, तर मशीनचं उत्तर आलं, "आपलं मत मोलाचं आहे."

मग हेदवीचा एक वायरमन चालवतो त्या सर्व्हरवर गेले. तिथे घराभोवतीच्या गडग्याचे दगडच कोणीतरी पळवले. मी सगळ्यांसमोर देवळातल्यासारखं गाऱ्हाणं लिहिलं, "बा देवा महाराजा, ज्याने माझा गडगा उपसला त्याला समोर आण!"

खाली सगळ्या खेळाडूंनी लिहिलं, "होय महाराजा!"

वायरमनने तपासून कळवलं, "काकी, दगड तुमच्याच सुनेने नेलेत. काय करू?"

"हाकलून दे. तिथे मी कोणाची सासू नाही."

आता सूनबाई कंपनीच्या सर्व्हरवर खेळते. परवा तिचंही घर पाडलं. रडवेली होऊन म्हणाली, "आई, आता मी कोणाला सांगू?"

म्हटलं, "कंपनीला गाऱ्हाणं घाल. होय महाराजा म्हणायला मी आहे."