दुमडलेलं नेट

…आन् वरून ती नेट कंपनीची बाई फोनवर मलेच इचारते! मले! "सर, आपण राउटर बंद करून पुन्हा चालू केला आहे का?" अवो बाई, चार दिवसांत इतक्या खेपा बंद-चालू केला, इतक्या खेपा तं म्या इहिरीवरची मोटर जल्मात बंद-चालू केली नसन! तं म्हने, "सर, लाल दिवा लुकलुकतो आहे की स्थिर आहे?" म्या म्हनलं, दिवा स्थिर हाय बाई, लुकलुकून मी राह्यलो! "धन्यवाद सर, आपली तक्रार नोंदवली आहे." नोंदवली! तिसऱ्यांदा नोंदवली! आन् दिवा? लालचा लाल!

तुमाले सांगतो राजेहो, भगवंतराव म्हनतेत मले, मंगरूळच्या बाजूलेच माहं वावर, वांगे, सांबार म्हनजे तुमची कोथिंबीर, मेथी, कारले, आन् वावरातच घर. आजपर्यंत ह्या घरात नेटबिटची भानगड नोती. मंग काहून घेतलं? आता काहून म्हनजे… सून! सुचिता माही सून, पुन्याच्या कंपनीत काम करते, आन् माहा पवन म्हने, "बाबा, हिची कंपनी घरून काम करू देऊन राह्यली. इथं नेट चांगलं लागलं तं आमी तिघं बी इथंच राहतो, मी वावर पाहतो." तिघं म्हनजे तिसरी मंजू, माही नात, सात वर्साची. पोरगी वर्सातून दोनदा दिसत होती मले! म्या म्हनलं, लाव बापा, नेट लाव, दोन लाव! पन कंपनीची अट अशी का सोमवारी सकाळी धा वाजता नेट सुरू पाहिजे. नाईतं पुन्याले वापस!

बेस्तरवारी संघदीप आला. हा आमच्याकडचा वायरमन, मानूस चांगला, पन घाईत. खांबावरून बारीकशी काळी वायर आनली, कारल्याच्या मांडवावरून घेतली, खिडकीतून आत, डब्बा लावला आन् हिरवा दिवा! काय सांगू, घरात दिवाळीच! सुचिताचा लॅपटॉप, पवनचा मोबाइल, मंजूचा टॅब, टीव्ही, माही बायको गिरजाबाई, तिचा मोबाइल, आन् रोही, म्हनजे नीलगायी, मेथीत घुसतेत म्हनून पवननं मांडवाले लावलेला कॅमेरा. सहा! सहाच्या सहा सुरू! संघदीप चहा पिऊन गेला, म्या बाहीर जरासक आवरासावर केली, हातपाय धुवून आत येतो तं काय? दिवा लाल!

मंग सुरू झालं राजेहो! माहं डोकं सरळ चाललं. एका पाइपावर सहा नळ्या सोडल्या तं शेवटच्या वाफ्याले पानी पोचन का? तुमीच सांगा! म्या म्हनलं, पाळी लावा! टीव्ही बंद! टॅब बंद! गिरजाबाईचा मोबाइल काढून घेतला, ती म्हने, "अवो, माहं भजन अर्ध्यात हाय!" म्या म्हनलं, अर्ध्यातलं भजन देव समजून घेते, कंपनी नाई घेत! कॅमेरा बी बंद केला, म्हनलं सारं नेट सुनेकडं वळवा. दुसऱ्या दिवशी मेथीचे दोन वाफे रोह्यांनी साफ! आन् दिवा? लालचा लाल!

गिरजाबाई म्हने, "नजर लागली माय. खांबापासून घरापर्यंत वायर सारा गाव पाहून राह्यला होता." मीठ, मोहरी, लाल मिरच्या, डब्ब्यावरून ओवाळल्या, चुलीत टाकल्या, ठसका असा का सुचिता फोनवर सायबाशी बोलून राह्यली होती, तिचं खोकलनं ऐकून सायब म्हने, "आप आराम कीजिए मॅडम!" आराम! इथं नोकरी जाऊन राह्यली आन् हा म्हनते आराम!

संघदीपले फोन लावा तं, "काकाजी, कारंजाले हाय, पोचतोच." शुक्रवारी कारंजाले. शनिवारी बी कारंजाले! अबे, कारंजाहून मानूस पायी निघाला असता तं आतापर्यंत पोचला असता! "काकाजी, सावत्र बहिनीचं… नाई नाई, चुलत बहिनीचं लगन हाय." बहीन कोनती तेच याले पक्कं माहीत नाई! म्या त्याले बोललो, नेटच्या कंपनीले बोललो, त्या फोनवरच्या बाईले बोललो, पवनले बोललो, "कायच्या कंपनीचं घेतलं रे हे, साऱ्या दुनियेचं चालते, आपलंच कसं मेलं?" कोनाले सोडलं नाई म्या. आन् दिवा? लालचा लाल!

आयतवारी दुपारी पाहतो तं सुचिता बॅग भरून राह्यली. खाली पाहून बोलली पोरगी, "मामाजी, तुमचा काही दोष नाही हो. पण उद्या दहाले नेट नसन तं कंपनी घरून काम करू देत नाही. संध्याकाळच्या गाडीनं निघतो आमी." आन् मंजूनं आपली चपलीची जोडी आनली आन् सोताच बॅगीत ठेवली. तुमाले सांगतो… जाऊ द्या. मले रडू आलं. खोटं कायले बोलू, चांगलं टपटप रडू आलं. उठलो, गोठ्याकडं गेलो.

तेवढ्यात फटफटी वाजली. संघदीप! लगनातल्याच कपड्यात! म्या त्याच्यावर असा तुटून पडलो, पवननं आवरलं मले. त्यानं खिशातून पेनासारखं उजेडाचं यंत्र काढलं, वायरीच्या एका टोकाले लावलं, आन् म्हने, "काकाजी, जिथं वायर मोडली असन तिथं उजेड बाहीर येईन." खांबापासून पाहत निघालो. सारे मागं मागं. कारल्याच्या मांडवाखाली, खिडकीपाशी, पानाआड… लाल लाल उजेड पाझरून राह्यला! जादा वायर, दोनदा दुमडलेली, वरून सुतळीनं करकचून बांधलेली.

"हे कोनं केलं?" संघदीप म्हने.

पवननं सुतळीची गाठ पाह्यली, मंग माह्याकडं पाह्यलं. गिरजाबाईनं बी पाह्यलं. चाळीस वर्सांपासून पाहून राह्यली ती माही गाठ!

आता सांगतो राजेहो, आपन ठिबकची नळी टाकतो का नाई? शेवटचं टोक दुमडून बांधतो का नाई? काहून? पानी वाया जाऊ नये! हा पोट्टा दोन-तीन वेढे वायर मोकळी लोंबती सोडून गेल्ता. म्या आवरासावर करतानी पाह्यलं, म्हनलं, एवढं महागामोलाचं नेट सांडून राह्यलं असन! दुमडलं, बांधलं, खुशीत हातपाय धुतले!

"काकाजी," संघदीप कपाळाले हात लावून म्हने, "ह्याच्यातून पानी नाई जात! उजेड जाते! आत काचेचा धागा हाय!" मले कोनी सांगतलं होतं? वांगे लावनाऱ्याले काच काय ठाऊक? त्यानं तोडलं, जोडलं, आन् दिवा हिरवा! मंजूनं चपला बॅगीतून बाहीर काढल्या. सुचिता हसली. मले कोनी काई बोललं नाई, हेच लय लागलं.

झालं ना मंग चांगलं? ऐका! सोमवारी धा वाजता सुचिताची मिटिंग सुरू. मी वसरीतून आपला नेहमीसारखा, "पवन्या, वांगे भरले का रे गाडीत?" आठवडी बाजारात वर्सानुवर्सं कमावलेला आवाज! पुन्याचा सायब म्हने, "सुचिता, कोन भांडून राह्यलं तुमच्याकडं?" दुसऱ्या दिवशी शिंकलो, तं चौदा मानसं दचकले म्हने! तिसऱ्या दिवशी पवननं माही खाट उचलली आन् इहिरीजवळच्या झोपडीत टाकली. "बाबा, धा ते सात. कामाचे दिवस तेवढे." चहा तिथं येते, जेवन तिथं येते, मंजू शाळेतून आली का तिथंच येते.

म्या उशी काखोटीले मारली राजेहो. कोनाले ना कोनाले घर सोडाच लागत होतं… मी सोडलं.