चाकांचा मूळ रंग

दिल्लीहून शिकून सोनपेठच्या शाळेत शिकवायला आले, तेव्हा वाटलं होतं, विज्ञान प्रदर्शनात माझी रिमोटवरची मोटार पाहून सगळे विचारतील, ही बिनतारेची पळते कशी? पण बोलणं झालं ते चाकांवरच. त्यांच्यावरच्या जुन्या पिवळ्या रंगाचे पोपडे निघत होते, म्हणून मी ती ब्रेक ऑइलमध्ये भिजवून घासली. खालून कारखान्यातला मूळ निळा निघाला.

हेडमास्तर दचकले. "बाई, विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव तापायलंय अन् तुमी निळी चाकं फिरवता? पिवळा मारा, न्हाईतर मोटार प्रदर्शनात न्हाई."

"सर, मी रंग लावला नाही, काढलाय."

"तुमी जाल दिल्लीला. दगड आमच्या काचांवर येतील."

"मी कुठंही जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं, शाळेत नको तर नको, मोटार आठवडी बाजारात चालवायची. निळ्याच चाकांवर.