बॉलवर आधी मी

हसू नका, पण पंधरा वर्षं शाळेत पीटी शिकवतोय आणि माझीच पोरगी हाता-पाठीने कच्ची निघाली. नानाखेड्याच्या फिजिओवाल्या मॅडम म्हणाल्या, "सर, एक्सरसाइज बॉल ले लो, रोज दस मिनट कराओ."

बॉल आला, बसायचा, गुडघ्याएवढा फुगलेला. आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. आईने बॉलला कुंकू लावलं, समोर नारळ फोडला. मी सात वर्षांच्या इराला म्हटलं, "थांब, आधी मी दाखवतो. पोट आत, पाठ ताठ!" आणि बसलो. खाली नारळाचं पाणी सांडलेलं. बॉल गेला देवघराकडे, मी सोफ्याखाली.

आई म्हणाली, "नशीब, एकच नारळ फुटला."

इराने हात धरून मला उठवलं. पण पीटीचा मास्तर हार मानतो होय? रोज "आधी मी दाखवतो" म्हणायचो आणि रोज फरशीवर आपटायचो.

महिन्याभराने मॅडमनी इराचे हात तपासले. "अरे वाह, कितनी ताकत आ गई! बॉल पे खूब मेहनत की ना?"

मी छाती फुगवली.

इरा म्हणाली, "बॉल पे तो मेरा नंबर ही नहीं आया. मैं रोज बाबा को उठाती हूँ."